हिराचं दुखणं

चुलीपुढून उठता उठता हिरा परत खाली बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला पालघरच्या डॉक्टरकडं न्या."

नवशाच्या हातातलं जाळं गळून पडलं. लग्न झाल्यापासून हिराने दुखण्याचं नाव काढलं नव्हतं.

मग तिने एकेक सांगितलं. माशांची पाटी घेऊन किनाऱ्यावरून चढताना डावा हात खांद्यापासून जड पडतो. थांबलं की बरं वाटतं. संध्याकाळी पावलं सुजतात, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. माहेरी शिरगावला तिच्या बापाचं असंच झालं होतं. छातीत काही दुखत नाही म्हणून त्याने अंगावर काढलं, आणि एके दिवशी होडी ओढताना वाळूत पडला तो उठलाच नाही.

नवशाचा चेहरा पांढरा पडला.

दवाखान्याशी त्याचं जुनं वैर होतं. थोरला भाऊ इस्पितळात चालत गेला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला, तेव्हापासून नवशा दवाखान्याची पायरी चढला नव्हता. त्यांच्या गावात, घिवलीत, पटकीची सुई टोचायला माणसं आली, की तो होडी पाण्यात घालायचा आणि ती गेल्यावरच परतायचा.

पण हिरासाठी तो दुसऱ्याच दिवशी निघाला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या खडीच्या ट्रकवाल्याला विनवून त्याने तिला बोईसरला आणलं, तिथून गाडीने पालघरला. स्टेशनवरून दोघं थांबत थांबत चालली. हिरा म्हणायची, जरा बसू. नवशा लगेच बसायचा.

दवाखान्याच्या पायरीशी त्याचा पाय अडला. हिराने त्याचा हात धरला. तो आत आला.

डॉक्टरांनी विचारलं हिराला, पण बोलू लागला नवशाच. हात कसा जड होतो, बोटांपर्यंत मुंग्या कशा येतात, उशाला दुसरी गोधडी घेतल्याशिवाय श्वास कसा पुरत नाही. हिरा मान खाली घालून ऐकत होती.

डॉक्टर म्हणाले, काळजाचं दुखणं पुष्कळदा असंच हातापायांत आधी दिसतं. वेळेवर आलात, यावर औषध आहे.

नवशाने डोळे पुसले.

"पण औषध चुकवायचं नाही, जड काम बंद," डॉक्टर म्हणाले. "मी सांगेन ते ऐकणार ना?"

"सगळं ऐकणार. महालक्ष्मीची आण घेऊन सांगतो," नवशा म्हणाला.

डॉक्टरांनी हिराला तपासणीच्या बाकावर झोपायला सांगितलं.

हिरा उठली. बाकाकडे न जाता ती दाराशी गेली, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळेही वाहत होते.

"मला काय बी झालं नाय, डॉक्टर," ती म्हणाली. "दुखणं यांचं हाय, आण बी यांनीच घेतलीय. आता यांनाच निजवा."