येसर मसाल्याची वेबसाइट

त्या रविवारी मराठवाड्याचा येसर मसाला काचीगुड्यातून थेट जगाच्या बाजारपेठेत उतरला. तातेरावांची बायको सखू हिचा मसाला बेगम बाजारातला एकही दुकानदार ठेवायला तयार होईना, म्हणून तातेराव महिनाभर व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकले होते. त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. पाठोपाठ शाबासक्या आल्या. धाकट्या भावानं तर "साइट पाहून डोळे भरून आले" असं लिहिलं. तातेरावांनी ते सखूला मोठ्यानं वाचून दाखवलं. लेकीनं त्यांचा फोन हातात घेतला. "पप्पा, ही लिंक फक्त आपल्याच कॉम्प्युटरवर उघडते. साइट अजून इंटरनेटवर चढवलीच नाही तुम्ही." "मग भाऊजींचे डोळे कशानं भरले?" सखूनं विचारलं. तातेरावांनी पुढचा व्हिडिओ लावला. तेवढ्यात नांदेडच्या म्हाताऱ्या आत्याचा निरोप आला. "जय भीम तात्या. काही उघडेना बघ. मसाला मात्र किलोभर पाठव."