चाळिसाव्या दिवसाची बरणी

"बापाक, उघडू नका ती. लोकांसमोर तरी नको," रसिती वडिलांच्या कानाशी लागून म्हणाली.

सरवान ऐकेनात. बायकोने जायच्या आधीच्या आठवड्यात तळलेल्या कांद्याची बरणी त्यांनी पोटाशी धरली होती. ओसरीवर दुआ संपली होती. चटयांवर बसलेल्या शेजाऱ्यांत भाताच्या ताटल्या फिरत होत्या. आज तारविया जाऊन चाळिसावा दिवस. अख्ख्या ब्रेबेस गावाला जिने आयुष्यभर तळलेला कांदा विकला, तिच्याच भातावर तिच्या हातचा कांदा नको?

रसितीचा जीव टांगणीला लागला. ती चिप्सच्या कारखान्यात तेल तपासायची. या उकाड्यात, घरच्या बरणीत, कांदा महिन्याभरात खवट होतो हे तिला चांगलंच ठाऊक होतं. आता लोक एक घास घेतील, तोंड वाकडं करतील, आणि आईची हीच चव लक्षात ठेवतील.

तेल खवटू नये म्हणून घालायची पूड तिने स्वतः आईला आणून दिली होती. "एमाक, जराशी लागते. ठरलेल्या मापात घातली तर कुणाला काही होत नाही. फक्त ताज्या तेलात, आधीच घालायची. तेल एकदा बिघडलं की मग काही उपयोग नाही."

"लोकांच्या भातावर औषध भुरभुरू?" आई उसळली होती. "रोज ताजं तळायला मी बसलेय ना इथे! मी मेल्यावर घाला काय घालायचं ते." पुडी फळीवर भिरकावून ती पाठ करून बसली होती. "ये, जरा खरवड. अंगात वारा शिरलाय."

दर रविवारी हेच. रसिती तेल लावून नाण्याने तिची पाठ खरवडायची, लाल वळ उठायचे, आई म्हणायची, आता बरं वाटतंय. नाणं बरगड्यांवर अडखळायला लागलं तरी दोघींच्या तोंडी वाराच होता. शेवटी इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, फार उशीर केलात.

बरणीचं झाकण फटकन निघालं.

शेजारच्या दारसेमबाईंनी पहिला घास घेतला. कुरकुर आवाज झाला. "अगंबाई, काल तळल्यासारखा आहे की!"

सरवानांचे डोळे भरून आले. "बघ, बघ! तुझ्या औषधाबिषधाशिवाय राहिला की नाही? हात लागतो त्याला, तपासनीसबाई!"

रसितीने चिमूटभर कांदा नाकाशी धरला. खवटपणाचा मागमूस नव्हता. असं होणं शक्यच नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

पुडी फळीवरच होती. कोपरा कापलेला, वर नीट दुमडून रबर लावलेलं. आई मसाल्याच्या पुड्यांना लावायची तसंच. रसितीने रबर काढून आत पाहिलं, पूड थोडी कमी झाली होती. आता कुणाला काय विचारायचं?

"रसिती!" बाहेरून बापाकची हाक आली. आवाजात कितीतरी दिवसांनी हुरूप होता. "शंभराव्या दिवसाच्या जेवणाचीही काळजी मिटली गं! सकाळी तांदळाच्या पिंपामागे आणखी दोन बरण्या सापडल्या. एवढं कुणासाठी तळून ठेवलं होतं हिने, अल्ला जाणे!"