हातावरचं दही

तिसरं परीक्षणही चांगलंच निघालं, आणि नूपुरची धास्ती आणखी वाढली.

न्यू टाउनच्या स्टुडिओत दोन वर्षं खपून नूपुर आणि तिच्या सहकाऱ्यांनी संगणकावर हा नाताळचा चित्रपट उभा केला होता. गोष्ट ओढूनताणून गोड. समीक्षकांनी तसं लिहिलंही. पण एक पात्र सगळ्यांनाच आवडलं. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकामागे दह्याची वाटी घेऊन धावणारी आई. ती सांताच्या हातमोज्यावरही चमचाभर दही घालते, तेव्हा थिएटर खदखदून हसतं. 'अशी चिकट माया पाहून हसावं की पळावं?' एकाने लिहिलं होतं.

ही आई नूपुरने रचली होती. फारसं डोकं चालवावं लागलं नव्हतं. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये तिची आई, शकुनताई, रोज दारात वाटी घेऊन उभी असे. परीक्षा असो, ऑफिस असो, नाहीतर कोपऱ्यावरून पाव आणायचा असो. उजवा तळवा पुढे केल्याशिवाय सुटका नव्हती.

आणि आज शकुनताई शेजारच्या निर्मलाकाकूंबरोबर तोच चित्रपट बघायला गेल्या होत्या. नूपुरने परीक्षणांची कात्रणं गादीखाली दडवली. आईला कळलं तर? शरमेने तिला घरात बसवेना.

कुलूप वाजलं.

"कसा वाटला गं, आई?"

"हसून हसून पोट दुखलं!" शकुनताई चपला काढत म्हणाल्या. "ती दहीवाली म्हणजे अगदी आपली सरलामावशी."

"सरलामावशी?"

"नाहीतर काय! नागपूरला गेलं की तीच ना मागे लागते? तिला सांगू नकोस हं. उगाच वाईट वाटायचं बिचारीला."

नूपुरचा जीव भांड्यात पडला. तिने सगळी कात्रणं काढून आईच्या हातात दिली. शकुनताईंनी चष्मा लावून एकेक वाचलं, ते 'चिकट माया'वालं तर दोनदा.

"छान लिहिलंय," म्हणाल्या, आणि कुकर लावायला गेल्या.

सकाळी नूपुरने बूट चढवले, बॅग खांद्याला लावली. मोबाइलवर नवं परीक्षण आलं होतं. ते वाचतावाचता तिने सवयीने उजवा तळवा पुढे केला.

"आई, लवकर. बस चुकेल."

"मग नीघ ना," दारात उभ्या शकुनताई हसून म्हणाल्या, आणि त्यांनी लेकीचा रिकामा तळवा हलकेच मिटवला.