धनवंताबाईंची एकनळी

निवडणूक लागली, तशी चिचगडच्या धनवंताबाईंनी आपली एकनळी बंदूक जमा करायला ठाण्यात आणली. नव्या साहेबांनी नळीत डोकावून पाहिलं आणि ते हसले.

"परवाना शेतीच्या राखणीचा दिसतो. आजवर रानडुकरं किती मारली?"

"एक बी नाही."

बाईंना तो दिवस आठवला. नवरा गेल्यावर त्यांनी खेटे घालून परवाना मिळवला आणि गोंदियाचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "बाई, कपड़े में लपेटकर ले जाओ."

"लपेटून नेली तं दिसन कोनाले?" असं म्हणत त्यांनी बंदूक खांद्यावर टाकली आणि गावच्या भरल्या बाजारातून ताठ मानेनं घरी आल्या.

"मग घेतली कशाला?" साहेबांनी विचारलं. "घरात कोणी पुरुष माणूस नव्हता?"

"होते ना साहेब. दोन दीर होते. रातच्याले माझं दार ठोकत. हे बंदूक घरी आली, तवापासून आंगनातूनच इचारतेत, वहिनी, येऊ का म्हनून."