वहीचा वजू

खुर्शीदबीने वही आणली होती, पण हिरव्या कापडात बांधून. तालुक्याच्या दवाखान्यातली समुपदेशक पल्लवी गाठ सोडायला गेली, तशी खुर्शीदबीची सून नसरीन घाईने म्हणाली, "थांबा मॅडम. अम्मी असाच हात लावू देत न्हाईत त्याला."

खुर्शीदबीचा आजार म्हटला तर एवढासा. नमाजाआधी वजू करायचा, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचे. धुऊन झालं की तिच्या मनात यायचं, कोपर कोरडं राहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून. जवळा बाजार गावातली दुकानं उघडायची तरी ही नळावरच, आणि पहाटेचा नमाज गेलेला. हातांना भेगा पडल्या होत्या, पण रडायची ती हुकलेल्या नमाजासाठी.

पंधरा दिवसांपूर्वी पल्लवीने वही दिली. शंका आली की लिहायची, पुन्हा धुवायचं नाही. धीर यावा म्हणून पहिल्या पानावर मौलानांकडून चार ओळी लिहून घ्यायला सांगितल्या. मौलानांनीही तेच लिहिलं: नुसत्या शंकेने वजू तुटत नाही, एक बार झालं की झालं. पल्लवी तेव्हा स्वतःवरच खूश झाली होती.

आता गाठ वजू करून आलेल्या नसरीनने सोडली. मागची सगळी पानं कोरी.

"लिहिलं काहून नाही?" पल्लवीने विचारलं.

"पहिल्या पानावर अल्लाचं नाव हाय ना," खुर्शीदबी म्हणाली. "बिगर वजूचं हात कसा लावावा? वजूला बसलं की पुन्हा शक येऊन राहिला. आधी दिवसाला पाच बार तकलीफ व्हती, आता वहीची सहावी."

"मौलाना बोलले की, वहीला वजू लागत न्हाई म्हणून," नसरीन म्हणाली.

"बोलले. पर मी बराबर ऐकलं का?"

ते पान काढून टाका, असं सांगायची पल्लवीची छाती होईना. राहू द्या म्हणावं, तर वजू वाढतच जाणार. आपण बरं केलं की बिघडवलं, हेच तिला कळत नव्हतं. निदान मौलानांच्या ओळी तरी वाचून पाहाव्यात म्हणून तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. नुकताच डबा खाल्ला होता.

ती उठून कोपऱ्यातल्या बेसिनवर गेली. हात धुतले, नळ बंद केला, बोटं हुंगली. भाजीचा वास गेला की नाही? तिने नळ पुन्हा सोडला.

"मॅडम," मागून खुर्शीदबी म्हणाली, "एक बार झालं की झालं."