चिडक्या आजीची चाचणी

“शपथेवर सांगते, तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही!” लेकीनं ताटावर चमचा वाजवला. घरी टेबलाभोवती जमलेलं तिचं ऑफिस जेवता जेवता थांबलं.

दवाखान्यांच्या वेळा ठरवून देणारी त्यांची वेबसाइट त्या सकाळी दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाली होती, आणि कौतुक चाललं होतं ते लेकीच्या एजंटांचं. एजंट म्हणजे संगणकातली बनावट माणसं. स्वभाव सांगितला की तसं वागणार, माणसासारखी बटणं दाबत वेबसाइटभर फिरणार आणि कुठं ठेच लागली ते येऊन सांगणार.

“त्यातली माझी ‘चिडकी आजी’! बाई पडद्याशी भांडायलाच उठली. ‘नाव एकदा सांगितलं ना रे, परत काय विचारतोस? बहिरा आहेस?’ पुढं जायचं बटण समोर आहे, तर ही मागचंच दाबणार. दाब, दाब, दाब! शेवटी वेबसाइट घामाघूम झाली, आजी नाही दमली!”

हशा उसळला. थापेला तिखटमीठ जरा जास्तच झालं होतं, पण भरल्या पोटी ते खपतं. आईसुद्धा हसली. ती पाणी वाढत होती. पेल्यात एक बोट धरायचं आणि पाणी बोटाला लागलं की थांबायचं. पाहुण्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“खरी मजा पुढंच. पडद्यावर आलं, ‘आपली वेळ नक्की झाली.’ आजीनं सवयीनं मागचं बटण दाबलं, आणि वेळ गायब! सूचना नाही, काही नाही. बिचारं माणूस दवाखान्यात जाऊन बसणार, आणि तिथं त्याचं नावच नाही!”

आई पाणी वाढायची थांबली.

“इतके महिने वेबसाइट चालू होती,” साहेब म्हणाले. “आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुला कधी कळलं?”

“मला कुठलं कळतंय! एजंटानं पकडलं, परवा. तोवर मलाही पत्ता नव्हता.” लेकीनं डोळे मिचकावले. “आणि आजी तर अख्खी माझ्या मनानं रचलेली. आमच्या घरात बाई असं खाष्ट कोणी नाही!”

“खोटं,” आई म्हणाली.

एकजण हसला आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर गप्प झाला.

“आई, गंमत चाललीये गं.”

“गेल्या महिन्यात मी मागचं बटण दाबलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस. काहीतरी टिपून घेत होतीस. वेळ पुसली गेली ते तुला दिसलं, मला दिसलं नाही. मी विचारलं, ‘झालं का गं?’ तू म्हणालीस, ‘झालं.’”

“अगं, मला फक्त बघायचं होतं, तू पुढं काय करतेस…”

“डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती ती. पुढची अजून मिळालेली नाही.” आईनं तांब्या चाचपत टेबलावर ठेवला. “दवाखान्यातून तुला फोन केला, तर म्हणालीस, तूच काहीतरी भलतंच दाबलं असशील. तुझ्या कामात खोळंबा केला म्हणून मी तुझी माफी मागितली.”