तांबड्याची ताटली

दुष्काळाच्या साली घाटावरून उतरलेली ठकूबाई कोपरी गावात आमच्या घरासमोरच्या चिंचेखाली येऊन बसली. मांडीवरच्या पोरीत रडायचंही त्राण नव्हतं. आई पेज घेऊन गेली की ती हात जोडायची. "तुमी किरिस्ताव. तुमच्या हातचं खाल्लं तर गावात परत कोन घेईल मला, माय?"

त्याच दिवसांत आमचा गरीब कुत्रा तांबड्या बिघडला. भाताच्या ताटलीवर ओणवा होऊन गुरगुरायचा, कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. बाबांच्या हातावर त्याचे दात उमटले, तेव्हा त्यांनी कोयता उचलला. "पिसाळलाय हा. आज संपवतोच."

"अहो, पिसाळलेलं कुत्रं पाणी पितं का?" आई आडवी आली. "कुणीतरी त्याच्या तोंडचा घास काढून नेतंय, म्हणून राखण करतो तो."

बोलता बोलता तिची नजर चिंचेखाली गेली. पोरीच्या गालाला भाताचं शीत चिकटलं होतं.



दुसऱ्या दिवसापासून आई तांबड्याला मागच्या दारी बांधून जेवू घालायची, आणि पुढच्या अंगणात त्याची ताटली लख्ख घासून, तीत ऊन भात वाढून, चिंचेपर्यंत ऐकू जाईल अशी त्यालाच हाक मारायची.